तेच तीन सिंह

मित्रांनो, मी जुना भोंगा आहे आणि मला आयुष्यात एकच ओळ येते: मरणाऱ्या रानरेडकाचं हंबरणं. ते रेडकू कुठलं, मला ठाऊक नाही. त्याचा आवाज टेपवर पकडला गेला आणि माझ्या पत्र्याच्या घशात कायमचा बसला.

माझी कारखान्यातली भावंडं प्रार्थनाघरांवर गेली, फुटबॉलच्या मैदानांवर गेली. मी लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आलो, जीपच्या टपावर. काम सोपं होतं. दिवस मावळला की मी तासभर रडायचं. सिंह आयत्या जेवणाच्या आशेने यायचे. जीपमधली माणसं त्यांना मोजायची. मग पुढचा थांबा. तो इतका दूर हवा, की आधीच्या सिंहांना तिथलं माझं रडणं ऐकू जाऊ नये.

मोजायच्या चिलेशेबाई, राजधानीहून आलेल्या, बेंबा जमातीच्या. माग काढायचा योतामु जेरे, तो न्गोनी. बेंबा आणि न्गोनी म्हणजे थट्टेची भावंडं. पणजोबा एकमेकांवर भाले घेऊन धावले, पणतवंडं नुसते टोमणे मारतात. मयताच्या घरीसुद्धा मारतात, आणि जो रागावेल त्याचंच हसं होतं.

"काय हो माकडखाऊ बाई, आज डब्यात शेपटी आहे का?"

"उंदीर भाजून खाणाऱ्यानं दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये. गप बस, सिंह यायचेत."

मला ती भांडणं फार आवडत.

*थांबा चौथा. नर: तीन.*

तिघांतल्या एकाच्या शेपटीला गोंडा नव्हता.

पाचवा थांबा कोरड्या ओढ्यापलीकडे ठरला होता. जीप वाळूत रुतली. ती उपसून काढेपर्यंत बाईंचा धीर संपला. "राहू दे पलीकडचं. अलीकडंच वाजवू." मी रडलो.

*थांबा पाचवा. नर: तीन.*

एकाच्या शेपटीला गोंडा नव्हता.

बाई मान खाली घालून लिहीत होत्या. योतामुने मात्र पाहिलं.

या मोजणीवरूनच शिकारीचे परवाने ठरायचे. सिंह थोडे निघाले तर शिकार बंद होणार, आणि योतामुचं पोट शिकारी तळावरच होतं. शेजारच्या रानात तसंच झालं होतं. परदेशी शिकारी गेले, त्यांच्यामागे रखवालदार गेले, आणि पायवाटांवर तारेचे फास उगवले. सिंह जास्त निघाले तर परवाना निघणार. हेच तिघं बंदुकीपुढे जाणार, आणि त्यांचा माग तोच दाखवणार.

दोन्हीकडून मरणच. अशा वेळी थट्टेच्या भावाने काय करावं?

"अहो बाई, माकडं मोजायची सवय तुम्हाला! तेच तीन पाहुणे दुसऱ्या पंगतीला बसलेत."

"तुला काय, सगळेच सिंह मावसभाऊ दिसतात," बाई हसल्या. "उंदीर मोज जा!"

योतामुही हसला. कागदावर सहा झाले. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला एकच ओळ येते.

सहा नर धरून वर्षाला एका नराचा परवाना मिळाला.

पहिल्या वर्षी बिनगोंड्याचा गेला.

दुसऱ्या वर्षी त्याचा जोडीदार.

तिसऱ्याचं नाक अजून गुलाबी होतं. म्हाताऱ्या सिंहाचं नाक काळं पडतं, आणि नियम म्हाताऱ्यालाच मारायचा होता. शिकाऱ्याने विचारलं, "म्हातारा आहे ना?" योतामु दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आहे."

रक्षणाला नर उरला नाही. उपरे नर आले, बछडी मारून निघून गेले. माद्या पांगल्या.

*थांबा पहिला ते नववा. सिंह: शून्य.*

त्या मोजणीला मी घसा फाटेस्तोवर रडलो. फक्त तरस आले.

"योतामु, इथं सहा होते ना रे?"

"तीन होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. वाळूपाशी."

बाई आठवत राहिल्या. "ती थट्टा होती."

"हो बाई. थट्टाच केली मी."

दूरच्या शहरांत सभा भरल्या. एक म्हणाला, शिकारीने सहा सिंह गिळले. दुसरा म्हणाला, शिकार होती म्हणून तर सहा टिकले होते. दोघांच्या हातात एकच कागद होता. चिलेशेबाईंनी वर कळवलं की सहा नव्हेत, तीन. उत्तर आलं की जुना आकडा आता बदलता येत नाही. म्हणून कागदावर आजही सहा सिंह मेलेले आहेत. त्यांतले तीन कधी जन्मलेच नव्हते.

शिकार बंद झाली, तळ उठला, रखवालदार गेले. जीप मागेच राहिली आणि तिच्यावर मी. परवा योतामु आला. माझ्याकडे न बघता त्याने मला टपाला आवळणारी पोलादी तार सोडवली, वेटोळं करून खांद्यावर टाकली आणि तो रानात शिरला. फासाला तार लागते, आणि घरी मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, न्शिमाबरोबर, तोंडी लावायला काहीतरी लागतंच. मी जमिनीवर पडलो. तोंडात माती गेली.

मित्रांनो, कुठलाही जीव मोजायला बसाल आणि शंका आली, तर ती आकड्याशेजारी लिहा. लाज वाटली तरी लिहा. आणि खरं सांगायचं असेल तेव्हा हसू नका. ऐकणाऱ्याला हसून मोकळं व्हायला फार आवडतं.