सोळाशे वाक्यांची मूळ प्रत

फेब्रुवारी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, न्यायालयामागच्या रस्त्यावरील एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, डाव्या हाताच्या दुसऱ्या गाळ्यात, एक निवृत्त अभिलेखपाल, त्यांची पत्नी आणि त्यांची मुलगी असे तिघेजण एका काचेच्या टेबलापुढे बसले होते. टेबलावर रुमालात गुंडाळलेली तळहाताएवढी काळी हार्ड डिस्क होती, आणि तिच्याशेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलेली अकरा पानांची यादी. पलीकडे बसलेल्या तंत्रज्ञबाईने यादीकडे पाहिलेही नाही. तिने डिस्क उचलली, कानाशी नेली आणि पुन्हा रुमालावर ठेवली.

"कधीपासून आवाज करतेय?"

"गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेपासून," अभिलेखपाल म्हणाले. "सायंकाळी सहाच्या सुमारास सुरू झाला. टक, टक, टक, मग क्षणभर विश्रांती, मग पुन्हा टक. पान तीन, तळटीप."

"आणि त्यानंतर किती वेळा जोडलीत?"

"एकोणीस वेळा."

तंत्रज्ञबाईचा हात जागीच थांबला. "एकोणीस, काका?"

"त्याशिवाय यादी कशी होणार? कोणती फाइल उघडते आणि कोणती उघडत नाही, हे एकेक उघडूनच पाहायला हवं. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून तर एवढा खटाटोप केला."

"बाबांनी जन्मभर लोकांची कामं सोपी केली," मुलगी म्हणाली. "लोक अजून सावरतायत."

पत्नी हसली. म्हणजे तिचे खांदे हलले, डोळे बारीक झाले. आवाज मात्र आला नाही. गळ्याभोवतीचा सुती रुमाल तिने नीट केला. तिने बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले होते, त्यामुळे गल्लीतले सगळे तिला बाई म्हणत, आणि थट्टेत सुरू करून पुढे सवयीने अभिलेखपालही तेच म्हणू लागले होते. गेल्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेत बाईंचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. आजार गेला, आणि त्याच्याबरोबर, चाळीस मुलांच्या वर्गाला एका हाकेत गप्प करणारा तो आवाजही गेला.

तो जाणार हे आधीच ठाऊक होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी वाचाकेंद्राने त्यांना सोळाशे वाक्यांचा एक संच दिला होता. ती सगळी आपल्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करायची. पुढे केंद्रातली माणसे त्यावरून एक कृत्रिम आवाज घडवणार, आणि बाई टॅबलेटवर जे टाइप करतील ते तो आवाज बोलून दाखवणार. त्यांच्याच आवाजात. रांग मोठी होती, त्यांची पाळी दहा महिन्यांनी येणार होती. तोवर ध्वनिमुद्रण घरी, दोन ठिकाणी, जपून ठेवा, असे केंद्राने लेखी कळवले होते.

तेवीस बैठकांत ते काम पुरे झाले. अभिलेखपालांनी जेवणघराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवरचे घड्याळ काढून न्हाणीघरात नेऊन ठेवले आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला. "आज हवा बरी आहे." "कृपया दिवा मालवा." "माझ्या भावाकडे तीन छत्र्या आहेत." बाई वैतागत. "अहो, ही वाक्यं लिहिणाऱ्याला मी दुसरीतून वर ढकलला नसता! तीन छत्र्या असलेला भाऊ मला आहे तरी का?" शेवटची वीस वाक्ये स्वतःच्या मनाची असावीत, अशी सूचना होती. त्या दुपारी बाईंनी त्यांना बाहेर काढून दार लावून घेतले. नंतरही अभिलेखपालांनी त्या फायली ऐकल्या नाहीत. अभिलेख सांभाळणाऱ्याने तो वाचू नये, असे त्यांचे मत होते, आणि त्यांची मते सहसा नियमांच्या योग्यतेची असत.

त्यांतले सर्वांत पक्के मत प्रतींविषयी होते. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांच्या दप्तरात एकाच जमिनीच्या नकाशाच्या दोन प्रती निघाल्या, एक दुरुस्त केलेली, दुसरी तशीच राहिलेली. चुकीच्या प्रतीवरून एका माणसाने भिंत बांधली आणि दोन सख्खे शेजारी अकरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. तेव्हापासून अभिलेखपालांनी ठरवले की, प्रत दुसरी झाली की खरी कोणती हा प्रश्न जन्माला येतो, आणि तो जन्मूच द्यायचा नसेल तर दुसरी प्रत ठेवायची नाही. कचेरीत त्यांना सगळे पाठीमागे 'मूळप्रत' म्हणत. हे त्यांना माहीत होते, आणि मनातून आवडतही असे.

त्यामुळे बाईंची वाक्ये डिस्कवर गेली त्याच संध्याकाळी त्यांनी ती संगणकावरून पुसली, ध्वनिमुद्रकातल्या कार्डावरूनही पुसली. मुलीने तेव्हा एक प्रत मागितली होती.

"तुला कशाला?"

"आईचा आवाज आहे, बाबा! कशाला म्हणजे काय?"

"तू त्यातली चार वाक्यं कापशील, कोणाला तरी पाठवशील, आणि मग केंद्राला कोणता संच द्यायचा याचा घोळ होईल. मूळ प्रत एकच राहील, आणि ती माझ्याकडे राहील."

शब्दाने शब्द वाढला होता. बाईंनीच मग हात वर करून दोघांना थांबवले. "राहू दे गं. त्यांनी आजवर काही हरवलेलं नाही." त्यांच्या स्वतःच्या आवाजातला तो बहुधा शेवटचा कौल होता, आणि तो त्यांनी नवऱ्याच्या बाजूने दिला होता.

आता तंत्रज्ञबाई समजावून सांगत होती. डिस्कच्या आत तबकड्या फिरतात, त्यांच्यावरून केसाहूनही बारीक अंतर राखून वाचणारे टोक फिरते. टक-टक म्हणजे ते टोक दुखावले आहे. डिस्क धूळविरहित पेटीत उघडावी लागेल, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधले टोक काढून बसवावे लागेल. "पुढच्या गुरुवारी या. आणि काका, यादी घरीच ठेवा."

नऊ दिवस गेले. बाईंकडे एक शाळकरी पाटी होती. बोलायचे ते त्या खडूने लिहीत आणि ओल्या फडक्याने पुसत. टॅबलेट कपाटाच्या तळच्या खणात पडून होता. रुग्णालयात त्यांनी तो एकदाच वापरला होता. "पाणी द्या," असे टाइप केल्यावर विशीतल्या, बातम्या वाचल्यासारखे बोलणाऱ्या एका मुलीचा आवाज आला आणि बाईंनी दचकून मागे वळून पाहिले होते. मग पाटीवर लिहिले होते: "ही कोण? हिला घरात घ्यायची नाही. माझा आवाज येईपर्यंत मी थांबते." तेव्हापासून त्या थांबल्या होत्या. फोन उचलत नव्हत्या, शाळेच्या मेळाव्याला गेल्या नव्हत्या, दाराशी आलेल्या जुन्या विद्यार्थ्याला नुसते हसून परत पाठवत होत्या.

त्या नऊ दिवसांत अभिलेखपालांचा जीव टांगणीला लागला होता, आणि डोळे पाटीला. पाटीवर "दूध संपले" येई, "चष्मा न्हाणीघरात आहे" येई. सातव्या दिवशी "अहो, तुम्ही" एवढे आले. मग बाईंचा हात थांबला, आणि त्यांनी फडके फिरवले.

"काय लिहीत होतीस?"

बाईंनी मान हलवली आणि लिहिले: "भाजी लागेल."

गुरुवारी तंत्रज्ञबाईने पडदा त्यांच्याकडे वळवला. "फायलींची नावं सगळी मिळाली."

अभिलेखपाल पुढे झुकले. एकपासून सोळाशेपर्यंत एकही क्रमांक गळलेला नव्हता. प्रत्येकासमोर कालावधी होता: चार सेकंद, तीन सेकंद, सहा. शेवटची वीस वाक्ये वेगळ्या कप्प्यात, त्यांनी ठेवली तशीच. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, आणि ते मुलीने पाहिले.

"क्रम अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

"क्रम बरोबर आहे, काका. आत काही नाही." तिने एक फाइल सुरू केली. चार सेकंद गेले. दुसरी सुरू केली. सहा सेकंद गेले. "नावं तबकडीच्या एका भागात असतात, आवाज दुसरीकडे. तिथे टोक घासत राहिलं. मी पेटीत डिस्क उघडली तेव्हा तबकडीवरचा थर निघून बारीक काळी पूड झाली होती. त्यातून कोणालाच काही काढता येणार नाही."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"ती वीस?" अभिलेखपालांनी विचारले. "शेवटची वीस तरी?"

"तीही नाहीत."

"पहिल्याच दिवशी आणली असती तर?"

"बरंच मिळालं असतं. सगळं नाही, पण बरंच."

तेव्हा अभिलेखपाल वाद घालू लागले, कारण दुसरे काही त्यांना येत नव्हते. बनवणाऱ्याने पाच वर्षांची हमी दिली होती आणि डिस्क तीन वर्षांत गेली, ती का? केंद्राने दोन ठिकाणी ठेवा म्हटले, पण का ते लिहिले नाही, ही त्रुटी नव्हे काय? टक-टक झाली तर जोडू नये, हे डिस्कच्या खोक्यावर कुठे छापले होते? बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकत गेला. हातातला रुमाल ते चार घड्या करून उलगडत होते आणि पुन्हा चार घड्या करत होते.

"दोष निश्चित व्हायला हवा," ते म्हणाले. "तुम्ही मला लेखी द्या. चूक कोणाची, ते स्पष्ट शब्दांत द्या."

"काका, माझं काम डिस्कमधून असेल ते काढायचं. चूक कोणाची, ते मी लिहून देत नाही."

"मग कोण देणार?"

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. पाटी निघेल असे सगळ्यांना वाटले, पण त्यांनी टॅबलेट काढला. तो पूर्ण चार्ज केलेला होता. इकडे निघण्याआधीच त्यांनी तो खणातून काढून ठेवला असणार, हे अभिलेखपालांच्या ध्यानात आले.

"बाई, नको," ते म्हणाले. "पाटीवर लिही ना."

बाई एका बोटाने, वहीतली गणिते तपासावीत तशा सावकाश, टाइप करीत राहिल्या. मग त्यांनी टॅबलेट टेबलावर, त्या काळ्या डिस्कशेजारी ठेवला आणि कळ दाबली.

"चूक तुमची आहे," ती विशीतली परकी मुलगी स्वच्छ उच्चारांत म्हणाली. "एकच प्रत ठेवलीत तेव्हाही, आणि एकोणीस वेळा जोडलीत तेव्हाही. आता घरी चला."