मुकी चकती

आईने पाकिटातली एक चकती उचलली, उजव्या कानाशी नेली आणि दोन बोटांत धरून मोडली.

"मुकी आहे." तुकडे तिने बशीत टाकले. "नापास."

लेक समोर मटार सोलत बसली होती. "अगं, खायची वस्तू आहे ती. आधी खाऊन तर बघ. यात धान्याचा कण नाही, नुसतं कंदांचं पीठ. गहू बंद करायला डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही."

"त्या डॉक्टरचे दुधाचे दात पडले नव्हते, तेव्हापासून मी चकत्या मोडतेय."

ते खरंच होतं. चिप्सच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली. तळणीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली एक चकती कानाशी मोडायची. कट्ट म्हणाली तर माल पुढे, नाहीतर मागे. यंत्रांची घरघर एवढी, की बाया एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलत. चकती मात्र तिला त्या घरघरीतूनही ऐकू येई. सगळ्या तिला 'कान' म्हणत. एकदा खुद्द मालक म्हणाले, जाऊ द्या माल, ट्रक खोळंबलाय. तिने ट्रक दोन तास उभा ठेवला. जीभ लोभी असते, कानाला लोभ नसतो, असं ती नव्या मुलींना सांगायची.

"काल शेजारच्या काकू तीनदा बेल वाजवून गेल्या म्हणे," लेक म्हणाली.

"झोपले असेन."

आई उठली. शिवणयंत्राच्या खणातून तिने पत्र्याचा डबा काढला. आत गव्हाच्या खाऱ्या चकत्या होत्या.

"हे कुठून आणलंस?"

"माझं घर, माझा डबा, माझे दात. आता ऐक. याला म्हणतात आवाज."

तिने चकती मोडली. लेकीने मटारातून मान वर केली. खिडकीत पेंगणाऱ्या मांजरीने कान टवकारले.

आईला काहीच ऐकू आलं नाही.

तिने दुसरी मोडली. मग तिसरी, डाव्या कानाशी. चुरा खांद्यावर सांडला.

"ऐकलं गं बाई, किती मोडशील!"

आई मांजरीच्या कानांकडे बघत राहिली. काल दुपारी ती झोपली नव्हती. दाराजवळच्या खुर्चीत बसून उशीला अभ्रा घालत होती.

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. पाकिटातली एक नवी चकती घेतली, टेबलाला वळसा घालून लेकीमागे गेली आणि तिच्या कानाशी ती मोडली.

"काय म्हणाली?"

लेकीने वळून तिच्याकडे पाहिलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"कट्ट."

"माझं मन राखायला बोलू नकोस. तसं बोलणारी एकही माझ्या हाताखाली टिकली नाही."

"कट्टच म्हणाली, आई." या वेळी लेकीने आवाज चढवला.

"ओरडतेस कशाला?"

आईने दोन्ही तुकडे तोंडात टाकले. डोळे मिटून सावकाश चावले. मग खांद्यावरचा चुरा झटकून ती ताठ उभी राहिली.

"पास. पण मीठ कमी आहे. आणि ते मला कुणी सांगायला नको."