देव्हाऱ्यातून काढलेली घंटी

मी घंटी. पितळेची, पावशेर वजनाची, मुठीवर गरुड बसलेली. दिघीच्या धक्क्याजवळ बाळाजी शेठांचं वाणसामानाचं दुकान आहे, त्यामागच्या घरात माझं वास्तव्य.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी बाळाजींनी मला माणगावच्या बाजारात निवडलं. नऊ घंट्या वाजवून पाहिल्या. तांबट वैतागला. "शेठ, घंटी घेताय का गवई?"

बाळाजी म्हणाले, "देव आमचा आजोबाच्या वेळचा. ऐकायला जड जात असंल बिचाऱ्याला."

मग दहा-अकरा वर्षं मी रोज सकाळी देवाला बोलावलं. तो येत होता का, ते मात्र मी कधी पाहिलं नाही. बाळाजींची बायको सगुणा मला चिंचेनं घासायची आणि पुसताना हळूच एकदा वाजवायची. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि बाळाजींची विधवा बहीण ठमाक्का.

एका श्रावणात सगुणेला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आगरदांड्याहून होडीनं डॉक्टर आले, मान हलवून गेले. ठमाक्कानं देवीला कळ्या लावून कौल घेतला. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. कौल उजवा झाला. सगुणेची उजवी बाजू काही परतली नाही.

एका दुपारी ठमाक्का देवळात, बाळाजी दुकानात गिऱ्हाइकांत. मागच्या खोलीत सगुणा ओल्या अंथरुणात दोन तास पडून राहिली. हाक कशानं मारणार? बाळाजी आत आले, तिचा चेहरा पाहिला. तिला कोरडं केलं आणि तडक देव्हाऱ्यातून मला उचलून तिच्या हातात दिलं.

ठमाक्का दारातच थबकली. "अरे, देवाची घंटी ती. विटाळलीस की."

"आक्का, घंटी डाव्याच हातानं वाजवतात. हिचा डावाच हात उरलाय."

"आणि देवानं काय करायचं?"

"देवाला न वाजवता ऐकू येतं म्हणतेस ना? मला न्हाय येत."

त्याच संध्याकाळी ठमाक्का सासरी निघून गेली.

पुढं सहा वर्षं माझी भाषा ठरली. एकदा वाजले की पाणी, दोनदा वाजले की कूस बदलायची. नुसतीच किणकिणत राहिले की काही नको, जवळ येऊन बस. बाळाजी अर्धी बांधलेली साखरेची पुडी हातात घेऊन, "आलो गं," म्हणत आत यायचे. गिऱ्हाईक चेष्टा करी, "शेठ, आरती झाली वाटतं?"

"व्हय, प्रसादाला थांबा."

बाळाजी पेज भरवायला शिकले, वेणी घालायला शिकले. वेणी वाकडी व्हायची. सगुणा अर्ध्या ओठांनी हसायची. देवापुढं ते पूर्वी बरंच काही मागत; आता मुक्यानं एक फूल ठेवत.

चौसष्टच्या आषाढात, भर बाजाराच्या दिवशी, सगुणा गेली. त्या दिवशी तिनं मला वाजवलंच नाही.

तेराव्याला ठमाक्का आली. तिनं मला गोमूत्रानं धुतलं, चिंचेनं घासलं, देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या सकाळी बाळाजींनी निरांजन लावलं, डाव्या हातानं मला हलवलं.

"आलो गं," ते म्हणाले आणि अर्धे उठलेसुद्धा. तोंड मागच्या खोलीकडे.

मग खाली बसले. ठमाक्का चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही.

तेव्हापासून मी झळझळीत आहे आणि मुकी आहे. तुम्ही कधी दिघीला उतरलात, त्या घरी देवाला नमस्कार केलात, तर एवढं करा, मला हात लावू नका. तो माणूस हातातलं टाकून उठेल.