मी ‘प्रतीक्षा’ नाही

मी एक फोटो आहे, आणि आधीच बजावतो: मी कुणाचीही वाट बघत नाहीये.

माझा जन्म भर दुपारी, इस्त्रीच्या दुकानात झाला. मला काढणारी मुलगी कॉलेज अर्धवट सोडलेली, तिचा कॅमेरा कुणीतरी वापरून टाकलेला. तिची आई चादरींना इस्त्री करता करता थांबली होती आणि भिंतीला कान लावून शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण ऐकत होती. नजर लांब कुठेतरी, ओठांत हसू दाबलेलं. मुलीनं बटण दाबलं. झालो मी. थोडा तिरका, पण अस्सल.

पाठीवर ‘भांडण ऐकताना’ अशी चिठ्ठी लावून तिनं मला छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेत पाठवलं.

मंडळात सगळे काका लोक. केस गेले की अक्कल येते, असा त्यांचा समज. त्यांची रीत अशी: आधी शीर्षक मोठ्यानं वाचायचं, मग फोटोवरचा पडदा काढायचा, मग छापील नियमावलीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या. बघायचं राहिलंच तर राहिलं.

त्या दिवशी सचिवकाकांनी सगळ्या चिठ्ठ्या काढून गठ्ठा केला आणि तो सांडला. रिकाम्या बाकड्याच्या फोटोची चिठ्ठी माझ्या नशिबी आली. ‘प्रतीक्षा’!

पडदा सरकला. सभागृह हळहळलं.

“डोळे बघा, काय विरह आहे!” अध्यक्षकाका म्हणाले. “आणि ही तिरकी चौकट! मोडका संसारच जणू. दहापैकी नऊ.”

शेवटच्या रांगेत आईनं लेकीला कोपर मारलं. “मी कुणाची वाट बघतेय गं?”

मुलगी उठली. “चिठ्ठी चुकलीय, काका. आई शेजारचं भांडण ऐकतेय.”

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षकाकांनी नऊ खोडले. “मग चौकट तिरकी, नियम चार. विषय उथळ, नियम सात. तीन गुण.”

अहो, मी तोच होतो! माझ्यातला एक ठिपका हलला नव्हता.

नंतर अध्यक्षकाका तिच्याजवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, “बेटा, ‘प्रतीक्षा’च राहू दे. पहिला नंबर तुझा. मोठ्यांचं ऐकावं.”

“माझे बाबा घरी घोरत पडलेत, काका. आईनं वाट बघायची कुणाची?”

तिनं मला भिंतीवरून उतरवलं आणि काखोटीला मारलं.

खोटं कशाला बोलू, मला बक्षीस हवं होतं. दिवे, गर्दी, कौतुक कुणाला नको असतं? पण जन्मभर दुसऱ्याचं रडं तोंडावर घेऊन लटकायचं? जमणार नाही.

आता मी दुकानातच असतो, हँगरच्या शेजारच्या खिळ्याला. वाफेनं माझा एक कोपरा फुगलाय. खाली नाव नाही. गिऱ्हाइकं कपडे टाकतात, थांबतात. तुम्हीही या. मला नावं ठेवा, हसा, शिव्या द्या, पण आधी बघा.

काल एक भाजीवाली साडी न्यायला आली. माझ्याकडे टक लावून म्हणाली, “ही बया चोरून काहीतरी ऐकतेय, आणि मजा येतेय तिला.”

आईनं इस्त्री उभी केली. “बाई, मंडळाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत तुम्हाला बसवायला हवं होतं.”