राहीबाईच्या मुळीचे उंदीर

राहीबाईचे उंदीर मरत नव्हते, हेच सहादेवचं दुखणं होतं.

एकाहत्तर साल. नगरातल्या एका प्रयोगशाळेत सहादेव कामाला होता. गावोगावच्या झाडपाल्याचा काढा नळीने पांढऱ्या उंदरांच्या पोटात सोडायचा आणि ते जगतात का बघायचं, हे त्याचं काम. मागच्या वर्षी त्याच्याच बापाचा, सोनईच्या गहिनीनाथ वैद्याचा पाला तपासणीला आला. चार उंदीर तासाभरात आडवे! प्रयोगशाळेच्या साहेबांनी वहीत 'विषारी' लिहिलं आणि म्हाताऱ्याने चाळीस वर्षांचा खल माळ्यावर टाकला. आता गावात कुणी त्याच्या ओट्यावर चढत नव्हतं.

आणि ही खर्ड्याची राहीबाई! अंगठेबहाद्दर. तिला साहेब खुर्ची देत, चहा पाजत. तिच्या काविळीवरच्या मुळीने उंदीर असे गुबगुबीत झाले होते, की सहादेवला त्यांच्या मिशासुद्धा बघवत नव्हत्या. 'माझ्या बापाचं विष, आन् हिचं अमृत व्हय?' तो मनातल्या मनात धुमसायचा. हेवाच होता तो. त्याला दुसरं गोंडस नाव कशाला द्या?

आज शेवटचा, दुप्पट डोस. बाहेर राहीबाई साहेबांशी हसत बोलत होती. सहादेवने रागारागाने नळी खुपसली. उंदीर तडफडला, नाकातून फेस आला आणि हातातच गार पडला.

सहादेवला आनंद झाला. अगदी पोटातून आनंद झाला.

साहेब आत आले. "फाडून बघ. मागच्या वर्षी त्या चौघांचं तेवढं राहून गेलं," म्हणाले, आणि राहीबाईला बोलवायला वळले.

सहादेवने उंदीर फाडला. पोट रिकामं. सगळा काढा फुफ्फुसात! नळी चुकून श्वासाच्या वाटेला गेली होती. मुळीचा काही दोषच नव्हता. फुफ्फुस उचलून बादलीत टाकलं की पुरावा गेला, मुळी विषारी ठरली. साहेबांची पाठ होती.

त्याने चिमटा उचलला आणि तो थबकला. मागच्या वर्षी त्या चौघांच्याही नाकाला असाच फेस होता. तेव्हा त्याला नळी धरायला लागून जेमतेम आठवडा झाला होता.

"माझ्या मुळीनं मेला का रं बाबा?" राहीबाईने दारातून विचारलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"न्हाई, मावशी. माझ्या हातानं मेला." सहादेवने चिमटा खाली ठेवला. "आन् साहेब, माझ्या बापाचं औषध चांगलं हुतं. ते चारबी मीच मारले."