अध्यक्ष धूसर दिसतात

रिफायनरीत तीस वर्षं प्रेशर आणि तापमानाची मीटरं सांभाळलेल्या माणसाला एका कॅमेऱ्याचं काय मोठंसं, असं संजीव मंडळाच्या बैठकीत बोलून गेला आणि तिथेच फसला. दांडिया बाजारातल्या त्यांच्या मराठी मंडळाचं वार्षिक व्याख्यान यंदा यूट्यूबवर थेट दाखवायचं ठरलं होतं. सभासद बडोद्यात आणि मुलं-नातवंडं कॅनडात, अशी निम्म्या मंडळाची गत होती. वक्ते होते खुद्द अध्यक्ष गोविंदराव.

"बाकी काही असो," गोविंदराव म्हणाले, "माझा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. नातवंडं बघणार आहेत."

संजीव वासणा भागातल्या आपल्या घरी पंधरा दिवस व्हिडिओ बघत बसला. मग कामाला लागला. पहिल्यांदा त्याने टेबलावर ठेवायचा माइक आणला. त्यात रिक्षांचे हॉर्न आले, पंख्याची खडखड आली, खालच्या दुकानातलं भांडण शब्दन्‌शब्द आलं आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी गोविंदराव आले. तो माइक परत गेला आणि कॉलरला लावायचा आला. मग दिवे. समोरून दिवा लावला तर गोविंदरावांचं टक्कल घासलेल्या तांब्यासारखं लखलखायला लागलं. संजीवने दोन्ही दिवे बाजूंना उंचावर नेले आणि त्यांच्यावर स्वयंपाकघरातला बटर पेपर चिकटवला. टक्कल शांत झालं.

कॅमेरा देताना दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, आ केमेरो चहेरो ओळखे छे. माणस हले तो पण छोडे नहीं." संजीवला तेच हवं होतं. बोलताना पुढे-मागे झुलायची गोविंदरावांना सवय होती आणि ऐन कार्यक्रमात आवाज, दिवे, लॅपटॉप असं सगळं त्याला एकट्यालाच बघायचं होतं. फोकस तरी आपोआप व्हावा.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. मंडळाची सेक्रेटरी मुग्धा लॅपटॉपपाशी बसली. गोविंदराव व्यासपीठावर उभे राहिले. पडद्यावर एक छोटा चौकोन त्यांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. गोविंदरावांनी कागद वाचायला मान खाली घातली मात्र, चौकोन टुणकन उडाला आणि मागच्या भिंतीवर गेला. अध्यक्ष धूसर झाले. त्यांच्या खांद्यामागे धैर्यशीलराव लख्ख दिसू लागले.

धैर्यशीलराव चार वर्षांपूर्वी वारले होते. भिंतीवर त्यांची मोठी तसबीर होती. ते बावीस वर्षं अध्यक्ष होते आणि ती बावीसही वर्षं गोविंदराव उपाध्यक्ष होते.

पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा कॅमेऱ्याने धैर्यशीलरावांनाच पसंती दिली.

"तसबीर काढा," गोविंदराव म्हणाले.

"काका, उद्या रमाकाकू येणार आहेत," मुग्धा दबकत म्हणाली. रमाकाकू म्हणजे धैर्यशीलरावांच्या पत्नी.

"तासाभराचा तर प्रश्न आहे. मला काय हौस आहे का?"

तसबीर कपाटामागे गेली. भिंतीवर तिच्या मापाचा पांढरा चौकोन उरला, तो जास्तच डोळ्यांत खुपायला लागला. म्हणून मुग्धाने तिथे एक कॅलेंडर लावलं. त्यावर बाळकृष्ण होता. कॅमेरा बाळकृष्णावर स्थिर झाला.

"राहू दे आता," संजीव कपाळ पुसत म्हणाला. "पांढरा चौकोनच बरा."

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाला तास असताना रमाकाकू जिना चढून वर आल्या. वय एक्क्याऐंशी, हातात झेंडूचा भलामोठा हार. व्याख्यानाच्या दिवशी तसबिरीला हार घालायचा, हा त्यांचा नेम होता. तो गोविंदरावांच्या लक्षातच राहिला नव्हता. काकूंनी रिकाम्या भिंतीकडे बघितलं, मग तिघांकडे.

गोविंदराव एकदम कॉलरचा माइक तपासू लागले. मुग्धाला फोन आला, किंवा आल्यासारखं तिने केलं. उरला संजीव.

"काकू, रागावू नका," तो म्हणाला. "कॅमेरा काही केल्या गोविंदरावांकडे बघत नाही. धैर्यशीलकाका दिसले की तिकडेच जातो."

काकूंना हसू फुटलं ते आवरेना. शेवटी खुर्चीत बसून त्यांनी डोळे पुसले. "अहो, हे जिवंतपणीही असंच करायचे! आमच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव शोधावा लागतो. आणा बघू त्यांना बाहेर."

तसबीर परत टांगली गेली. काकू स्टुलावर चढल्या, संजीवने स्टूल घट्ट धरलं. त्यांनी हार घातला आणि तो वर ओढून ओढून थेट चष्म्यावर आणला. झेंडूत चेहरा पार बुडाला.

"तासभर गप्प बसा," त्यांनी तसबिरीला बजावलं.

कॅमेऱ्याला आता एकच चेहरा दिसत होता. व्याख्यान सुरू झालं. एकशे बारा माणसं बघत होती. वीस मिनिटं सगळं इतकं सुरळीत चाललं की संजीव मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता. तेवढ्यात हार घसरला.

मुग्धाने त्याच्या कोपराला ढोसलं. पडद्यावर धैर्यशीलराव प्रसन्न हसत होते आणि समोर एक अस्पष्ट आकृती झुलत होती. संजीव धडपडत कॅमेऱ्याकडे गेला. ऑटोफोकस बंद करायचं बटण त्याला मेनूत सापडेना. आवाज मात्र स्वच्छ येत होता. गोविंदराव कागद बाजूला ठेवून बोलू लागले होते.

"आमचं कधी पटलं नाही," ते म्हणत होते. "बावीस वर्षं मी त्यांच्याशी भांडलो. पण पुरात तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन जिना चढणारा पहिला माणूस तोच होता. मी दुसरा. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही."

पहिल्या रांगेत रमाकाकू ताठ बसल्या होत्या.

त्याच वेळी संजीवला बटण सापडलं. फोकस हाती आला. पुढची चाळीस मिनिटं तो दोन बोटांनी लेन्सची कडी धरून उभा होता. गोविंदराव पुढे झुलले की इकडे, मागे झुलले की तिकडे. पायाला मुंग्या आल्या, बटर पेपर एका कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागला, पण त्याने कडी सोडली नाही.

संपल्यावर मुग्धाने आलेल्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचल्या. टोरांटोहून कुणी लिहिलं होतं, 'त्या आठवणीच्या वेळी कॅमेरा धैर्यशीलरावांवर नेणाऱ्या कलाकाराला सलाम. डोळे भरून आले.' तसल्याच आणखी सतरा होत्या.

गोविंदरावांनी संजीवला बाजूला घेतलं. "खरं सांग, मुद्दाम केलंस?"

"नाही हो. मी बटण शोधत होतो."

गोविंदरावांनी विचार केला. कॉलरचा माइक काढून त्याच्या हातावर ठेवला.

"मग कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि काकूंना जिना उतरायला हात द्यायला गेले.

माइकचा दिवा अजून हिरवा होता. लॅपटॉपवर एकेचाळीस माणसं अजून बघत होती.