उपाशी डब्याचा उन्हाळा

मित्रांनो, नाक दाबू नका. मी एक जुना कचऱ्याचा डबा आहे हे खरं, पण आत्ताच आंघोळ करून, उन्हात वाळून तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. फुटक्या बादल्या, कान तुटलेले मग आणि प्लॅस्टिकच्या मोडक्या खुर्च्या वितळवून मला घडवलं. म्हणजे माझं सगळं खानदानच टाकाऊ. पण रुबाब बघाल तर हिरवं अंग, काळं झाकण आणि पुढे पायाने दाबायची पट्टी. या घरातल्या मुलांच्या आईने मला दुकानातून आणलं तेव्हा आजी म्हणाली होती, “बाई बाई, केवढं पोट याचं!” ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

स्वयंपाकघरात मागच्या दाराशी उभा राहायचो आणि मिळेल ते गिळायचो. उन्हाळ्यात तर माझी चंगळच. सरबताचे कागदी पेले, स्ट्रॉ, पाण्याच्या बाटल्या, कलिंगडाची सालं. सकाळी मला रिकामं करावं आणि संध्याकाळी मी पुन्हा तुडुंब. शेजारच्या फ्रीजला मी हिंग लावूनही विचारत नव्हतो. त्याच्यात गेलेलं निम्मं शेवटी माझ्याकडेच यायचं.

यंदा मात्र माझ्या अन्नात माती कालवली ती थोरल्या मुलीने. तिला घरात फौजदार म्हणतात, कारण तिच्या परवानगीशिवाय इथे पंखासुद्धा फिरत नाही. सुट्टी लागली त्याच दिवशी तिने फर्मान काढलं, की मजा सगळी करायची, पण डबा भरायचा नाही.

आणि मजा केली हो त्यांनी! वाटीत फळांचा रस गोठवायचा आणि दांडीच्या जागी त्यात चमचा उभा करायचा. धाकटा तो चमचा इतका चाटूनपुसून परत द्यायचा, की आता घासायचा कशाला, म्हणून आईशी हुज्जत घालायचा. कलिंगडाची सालं अंगणातल्या खताच्या खड्ड्यात जायची. जुन्या चादरीचा तंबू झाला. बाहेर निघताना प्रत्येकाच्या गळ्यात घरची बाटली. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

त्यातच एकदा आई सहज बोलून गेली, की एवढं धूड आता हवं कशाला, धाकट्याचा वाढदिवस झाला की भंगारवाल्याला देऊन टाकू. कचऱ्याचा डबा कचऱ्यात! याहून मोठी नामुष्की कुठली?

माझा एकच कैवारी उरला होता, तो म्हणजे आजोबा. डॉक्टरांनी त्यांचं गोड कमी केलं होतं. तरी ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणत ते निघायचे आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून आइस्क्रीमचा कप घेऊन, शेवटचा घास चाखत मागच्या दाराने यायचे. नजर दुसरीकडे ठेवून पट्टी दाबायची, कप आत सोडायचा, वर रद्दीचा कागद पांघरायचा. मला रिकामं करायचं कामही त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. सगळे म्हणाले, बघा, या वयातही किती हातभार लावतात. तो रोजचा एक कप हाच माझा आधार होता. कुणाला तरी माझी गरज आहे, एवढ्यावर मी तग धरून होतो.

वाढदिवस उजाडला. पाहुण्यांना निरोप होता, की आपापला पेला घेऊन या. मामा तांब्या घेऊन आला. मला एवढंच लागतं, म्हणाला. सरबत वाढवावं लागलं आणि बरण्या फ्रीजमध्ये मावेनात. आई विकतच्या थंड पेयाच्या बाटल्यांचं खोकं मागवायला निघाली, तेव्हा फौजदारने तिला अडवलं आणि माझ्याकडे बघितलं.

गरम पाण्याने मला घासलं, खडखडीत वाळवलं, आत धुतलेलं कापड पसरून बर्फ भरला आणि झाकणाच्या बरण्या त्यात उभ्या केल्या. मावशीने नाक मुरडलं. आजीने आत डोकं घालून हुंगलं आणि मला पास केलं. मित्रांनो, उभ्या जन्मात मला असं गार वाटलं नव्हतं.

सगळे अंगणात गेले आणि मागच्या दाराने आजोबा आले. माझी बढती झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नजर अंगणाकडे, पाय पट्टीवर, कप आत. वर कागद पांघरायलाही विसरले नाहीत. मला तोंड एवढं मोठं, पण बोलता येईल तर शपथ.

थोड्याच वेळात फौजदार पाहुण्यांना घेऊन आली आणि ऐटीत झाकण उघडलं. बर्फावर रद्दीचा कागद. कागदाखाली गुलाबी डागांचा कप. तिने तो दोन बोटांत धरून वर उचलला.

“हा कुणाचा?”

मामाने तांब्या पाठीमागे लपवला. बिचाऱ्याने काही केलं नव्हतं, पण फौजदारपुढे सगळ्यांनाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. आजोबा छताकडे बघत होते. आजी पुढे झाली, रुमालाने त्यांची पांढरी मिशी पुसली आणि तो गुलाबी झालेला रुमाल नातीला दाखवला.

फौजदार ओरडली नाही. तिचा चेहराच पडला. “मला वाटत होतं, आपण सगळे मिळून करतोय,” ती म्हणाली.

आजोबांना ते फार लागलं. “कपाचं चुकलं गं माझं,” ते हळूच म्हणाले. “आइस्क्रीमचं मात्र तू डॉक्टरांशी बोल.”

आधी मामा हसला, मग तीही हसली. निकाल लागला, की आठवड्यातून एकदा, घरची वाटी घेऊन आणि आजीच्या देखरेखीखाली. आजीने कुरकूर न करता आपलीही वाटी काढली.

मला मात्र तो कप बोचत राहिला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी जेवतो. पण पोटात काही राहत नव्हतंच. सगळं घंटागाडीतून गावाबाहेरच्या ढिगावर जायचं. बर्फ भरला तेव्हा कळलं, की माझं पोट याहून चांगल्या कामाचं आहे.

भंगारवाला आला तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो. आई म्हणाली, “हा नाही द्यायचा. हा आमच्या सरबताचा आहे.” माझ्या जागी आता एक पिटुकला डबा आला आहे आणि तोही अर्धाच भरतो.

मित्रांनो, जुन्या छत्र्या, जुने पंखे तुम्हाला विनवतात, की आम्हाला वापरा. मी उलटी विनंती करतो, मला उपाशी ठेवा. आणि हातातलं काही टाकायचंच झालं, तर पट्टी दाबताना एकदा आत बघा. न जाणो, आत सरबत असेल.